सरांची प्रतिक्रिया

"दादा, तो टीव्ही बंद कर की," मी म्हटलं.

दादानं रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

वर्कशॉपच्या भिंतीवरच्या टीव्हीत डॉ. कौस्तुभ रानवडे बसले होते. निळं जॅकेट, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि नावाखाली पट्टी, 'पेटंट तज्ज्ञ'. इचलकरंजीच्या सुकुमार मगदूम यांच्या केसमध्ये उद्या काय होईल, असं निवेदिकेनं त्यांना विचारलं होतं. सुकुमार मगदूम म्हणजे माझा दादा. हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून तो वर्गात मास्तर आल्यासारखा ताठ बसला होता.

"अहो, यात शोध कुठाय?" रानवडे हसत म्हणाले. "मागावर कॅमेरा लावला आणि फ्लॅश मारला. फ्लॅश तर लग्नातल्या फोटोग्राफरकडेही असतो! हे पेटंट नाही, ही खंडणी आहे. मोठी कंपनी गाठायची, केस ठोकायची आणि पैसे उकळायचे. उद्या न्यायालय हे पेटंट कचऱ्यात टाकणार. लिहून घ्या माझ्याकडून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खंडणी? कोण म्हणतोय बघ खंडणी! आठ वर्षं ह्या शेडमध्ये तू हाडाची काडं केलीस आणि हा उपटसुंभ..."

"पद्मा, सर आहेत ते," दादा म्हणाला. "नीट बोल."

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं, कारण रानवड्यांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आमच्या गावात घरटी माग. मागावर कापड विणताना धागा तुटला तर ते लवकर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण एक माणूस सहा-आठ माग सांभाळत असतो. तोवर कापड पुढं सरकतं आणि सगळा तागा बाद होतो. कॅमेरा लावावा तर माग इतका हादरतो की चित्र नुसतं फरफटलेलं येतं. दादानं काय केलं, तर मागाचा ठोका ओळखणारा दिवा बनवला. धागा कापडात दाबणाऱ्या फणीचा ठोका बसला की दिवा त्याच क्षणी लुकलुकायचा आणि कॅमेऱ्याला कापड थांबल्यासारखं दिसायचं. धागा तुटलेला दिसला की माग आपोआप बंद. यातली खरी मेख अशी, की जुन्या मागाचे दोन ठोके कधी सारखे पडत नाहीत. दादाचा दिवा प्रत्येक ठोक्याबरोबर स्वतःला सावरून घ्यायचा. लग्नातल्या फोटोग्राफरचा फ्लॅश हे करतो का? मग?

दादानं गावातल्या काही मागांवर अशी यंत्रं चाचणीसाठी बसवूनही दिली होती. व्हर्टिना नावाच्या कंपनीची माणसं आमच्याकडं आली, चहा प्याली, यंत्र 'बघायला' म्हणून घेऊन गेली आणि पुढच्या वर्षी त्यांनी तेच यंत्र चकचकीत डब्यात घालून बाजारात आणलं. दादाकडं पेटंट होतं, म्हणून आम्ही कोर्टात गेलो. उद्या कोर्ट एवढंच सांगणार होतं, की केस संपेपर्यंत व्हर्टिनानं विक्री थांबवायची की नाही. थांबवली असती तर आम्ही जगलो असतो. नाहीतर केस संपेस्तोवर गावातल्या मागा-मागावर त्यांचाच डबा बसला असता आणि दादाच्या शेडला कुलूप लागलं असतं.

आणि व्हर्टिनानं त्याच आठवड्यात एक गाजर पुढं केलं होतं. निकालाआधी केस मागं घ्या, पेटंट आमच्या नावावर करा, आम्ही तुम्हाला एकरकमी पैसे देतो आणि कंपनीत नोकरीही देतो. निकाल लागला की हा प्रस्ताव रद्द.

"मुल्ला मॅडम काय म्हणाल्या?" मी दादाला विचारलं. अ‍ॅडव्होकेट शबाना मुल्ला आमच्या वकील होत्या, कोल्हापूरच्याच, मुंबईत वकिली करायच्या.

"त्या म्हणतात, सही करू नका. आपली बाजू भक्कम हाय."

"मग झालं तर!"

"पण सर तर म्हणाय लागलेत, पेटंटच जाणार म्हणून."

"दादा, उद्याचा निकाल पेटंट राहणार का जाणार, यावर नाहीच! त्या माणसाला उद्या कशाचा निकाल आहे एवढंसुद्धा माहीत नाही."

दादा टीव्हीकडंच बघत होता. रानवडे आता कुठल्यातरी मोबाइल कंपनीच्या केसवर बोलत होते. "मोठ्या माणसांना आतलं कळत असतंय," तो म्हणाला.

त्याच्या या भक्तीमागं कारण होतं. दादा डिप्लोमा होल्डर. पेटंट म्हणजे काय, हे त्याला शिकवलं रानवड्यांच्या व्हिडिओंनी. रोज जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा करून तो ते बघायचा. त्यांच्यामुळंच त्यानं अर्ज केला, त्यांच्यामुळंच त्याला 'क्लेम' हा शब्द कळला. क्लेम म्हणजे पेटंटच्या शेवटी लिहिलेली ती कलमं, ज्यांत नेमकं काय आपलं आहे ते मांडलेलं असतं. बाकी सगळं वर्णन. रानवड्यांच्या पहिल्याच व्हिडिओतलं वाक्य दादाला तोंडपाठ होतं: 'क्लेम वाचल्याशिवाय पेटंटविषयी तोंड उघडू नये.' एकदा तर सरांनी थेट प्रक्षेपणात दादाचा प्रश्न घेतला होता, "इचलकरंजीचे मगदूम विचारतात," असं म्हणून. राजमती वहिनीनं त्या दिवशी शिरा केला होता.

आणि आता तेच सर त्याला खंडणीखोर म्हणत होते आणि हा बाबा मान डोलावत होता.

"उद्या त्यांना भेटतो," दादा एकदम म्हणाला. "त्या चॅनलवाल्यांनी सकाळी बोलावलंय मला, प्रतिक्रिया द्यायला. सर बी येणार हाईत तिथं. समोरासमोर विचारतो. ते म्हणतील तसं."

"आणि आपण दोघं वर्षभर कोर्टात फेऱ्या घातल्या त्याचं काय?"

"म्हणून तर विचारायचं."

मी तेव्हा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. यंत्राचं सगळं इंग्रजीतलं लिखाण मी केलं होतं, प्रत्येक क्लेमवर मुल्ला मॅडमशी भांडले होते. पण पेटंट दादाच्या एकट्याच्या नावावर होतं आणि सही त्याची एकट्याची लागणार होती. म्हणून रजा टाकून मीही त्याच्याबरोबर मुंबईच्या गाडीत बसले.

चॅनलचं ऑफिस अंधेरीला, एका काचेच्या इमारतीत होतं. ईशा नावाच्या एका चटपटीत मुलीनं आम्हाला एका पॅसेजमधल्या सोफ्यावर बसवलं. "तुमचं लाइव्ह आपण निकालानंतर कोर्टाबाहेर घेऊ," ती म्हणाली. "सरांना भेटायचंय ना? सर आत रेकॉर्डिंग करतायत. त्यांची दुपारी परदेशाची फ्लाइट आहे."

"मग निकालाच्या वेळी ते नसणार?" मी विचारलं.

"म्हणून तर आत्ता करून ठेवतोय," ती म्हणाली आणि आत गेली. दार तिनं पूर्ण लावलं नाही.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. व्हर्टिनाचा वकील. दादा बोलत बोलत जिन्याकडं गेला. मी एकटीच सोफ्यावर बसले होते आणि दाराच्या फटीतून मला निळं जॅकेट दिसत होतं.

"आधी जिंकलेलं घेऊ, सर, की हरलेलं?" ईशानं विचारलं.

"कुठलंही घ्या."

"मग जिंकलेलं. जॅकेट बदलायचं का मधे?"

"कशाला? एकच तर लागणार आहे."

मला आधी काही कळेना. मग कॅमेरामन 'रोलिंग' म्हणाला आणि रानवड्यांचा तो भरदार आवाज सुरू झाला.

"हा ऐतिहासिक विजय आहे! इचलकरंजीसारख्या गावातला एक तंत्रज्ञ एका बलाढ्य कंपनीला नमवतो. मी सुरुवातीपासून म्हणत होतो, पेटंट हे छोट्या माणसाचं शस्त्र आहे. मगदूम यांच्या जिद्दीला माझा सलाम."

"छान झालं, सर," ईशा म्हणाली. मग जरा चाचरत, "ते 'सुरुवातीपासून' ठेवायचं का? काल रात्री आपण जरा उलटं..."

"कोण लक्षात ठेवतंय?" रानवडे म्हणाले. "चला, दुसरं."

आणि त्यांनी घोटभर पाणी पिऊन, त्याच खुर्चीत, तोच हात तसाच हलवत दुसरं म्हटलं. "न्यायालयानं आज पेटंटखोरीला सणसणीत चपराक दिली आहे. मी सुरुवातीपासून म्हणत होतो, या यंत्रात शोध म्हणावा असं काहीही नाही. मगदूम यांच्यासारख्यांनी आता तरी धडा घ्यावा."

मी उठून उभी राहिले. आमच्या घरातला माणूस आयुष्य पणाला लावून बसला होता आणि हा गृहस्थ दोन ताटं वाढून ठेवत होता, जे खपेल ते. बरं, त्यात लाज नाही, लपवाछपवी नाही. दार उघडं टाकून. सगळ्यांच्या देखत. जणू भाजी चिरून ठेवावी तसं.

मी धावत जिन्याकडं गेले. दादा फोन ठेवून परत येत होता.

"दादा, ऐक. त्यानं दोन्ही बोलून ठेवलंय. तू जिंकलास तरी आणि हरलास तरी. दोन्हीकडं 'मी सुरुवातीपासून म्हणत होतो'! मी माझ्या कानांनी ऐकलं."

दादा पायरीवरच थांबला. मला वाटलं, पडला उजेड. मग तो म्हणाला, "तयारी ठेवावी लागती त्यांना. डॉक्टर नाही का दोन्ही सांगून ठेवत, वाचंल बी आणि न वाचंल बी."

"डॉक्टर पेशंटला तपासून सांगतो, दादा!"

पण तेवढ्यात रानवडे बाहेर आले. ओल्या कागदानं तोंडावरचा मेकअप पुसत होते. दादा पुढं झाला आणि चक्क वाकून त्यांच्या पायाला हात लावला. खंडणीखोर म्हणणाऱ्याच्या पायाला! मला तिथंच जमीन फाटावी असं वाटलं.

"सर, मी सुकुमार मगदूम. इचलकरंजी."

रानवड्यांनी एक क्षण ईशाकडं बघितलं. ती हळूच म्हणाली, "आजची केस, सर."

"हां हां! मगदूम! या, या. कसे आहात? काय ते तुमचं... वीज वाचवण्याचं ना?"

"नाही सर. मागावरचा कॅमेरा."

"तेच ते. बोला, मला निघायचंय."

दादा घाईघाईनं सांगायला लागला. कंपनीचा प्रस्ताव, दुपारचा निकाल, वकील काय म्हणतात, सगळं. सरांचं लक्ष मोबाइलकडं होतं, गाडी कुठवर आली ते बघत होते. "सर, तुमचे व्हिडिओ बघूनच मी पेटंट घेतलं," दादा शेवटी म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं करतो. सही करू का नको?"

"करून टाका," रानवडे म्हणाले. एका दमात, मान वर न करता. "काल मी बोललोच की टीव्हीवर. मोठ्या कंपनीशी कशाला भांडता? पेटंट टिकणार नाही तुमचं. मिळतंय ते घ्या आणि मोकळे व्हा."

"सर," मी मधे पडले, "तुम्ही ह्या पेटंटचे क्लेम वाचलेत का?"

आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आपण?"

"मी ह्यांची बहीण. पहिला क्लेम काय आहे, सांगता?"

"मॅडम, मी आजवर शेकडो पेटंटवर बोललोय."

"बोललात ते दिसतंयच. वाचलीत किती?"

ईशा हातातल्या टॅबमध्ये डोकं घालून उभी राहिली. रानवडे हसले. त्यांच्या हसण्यानं मला जास्तच चीड आली, कारण त्यात राग नव्हता. लहान पोरीचं बोलणं ऐकून घ्यावं तसे हसले ते. "सारांश चाळलाय मी. तेवढा पुरतो. क्लेमचा कीस काढणं हे वकिलांचं काम."

"'क्लेम वाचल्याशिवाय पेटंटविषयी तोंड उघडू नये,'" मी म्हटलं. "हे तुमचंच वाक्य आहे. पहिल्या व्हिडिओतलं. माझ्या भावाला पाठ आहे ते."

"ते विद्यार्थ्यांसाठी असतं, मॅडम," रानवडे म्हणाले.

"पद्मा!" दादा माझ्यावर खेकसला. चारचौघांत तो माझ्यावर कधीच ओरडला नव्हता. "सरांशी असं बोलत्यात? माफ करा सर. कोर्टाचं टेन्शन हाय, डोकं फिरलंय तिचं."

"डोकं माझं फिरलंय? आत्ता आत बसून हे म्हणाले, तू जिंकलास तर ऐतिहासिक विजय! आणि दहा मिनिटांत तुला सांगतायत, पेटंट टिकणार नाही. विचार की त्यांना! विचार, कुठलं खरं?"

दादानं विचारलं नाही. रानवडेच म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मीडिया कसा चालतो याची कल्पना दिसत नाही." मग दादाच्या खांद्यावर थाप मारून, "ऑल द बेस्ट हं, मगदूम. असेच नवे नवे प्रयोग करत राहा," असं म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले.

दादा लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हात जोडून उभा होता.

टॅक्सीत मी बोलले नाही असं एक मिनिट गेलं नसेल. मी ओरडले, समजावलं, रडलेसुद्धा. मुल्ला मॅडमना फोन लावून दादाच्या कानाला धरला. त्या त्याला शांतपणे म्हणाल्या, "सुकुमारभाऊ, घाबरलेली माणसं प्रस्ताव देतात. तुमची बाजू कमजोर असती तर ते आजच्या दिवशी तुमच्या मागं लागले असते का?"

दादा म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर असंल. पण तुम्ही आपल्या बाजूच्या. तुम्ही तसंच म्हणणार की. सर तिऱ्हाईत हाईत. त्यांना काय फायदा?"

मला अजूनही वाटतं, त्या गाडीत माझ्याकडं याचं उत्तर असायला हवं होतं. त्यांना फायदा नव्हता, हे खरंच होतं. व्हर्टिनानं त्यांना फुटकी कवडी दिली नव्हती, हे मी पुढं खोदून खोदून शोधून काढलं. विकला गेलेला माणूस असता तर मी दादाला दाखवून दिला असता. ह्याला नुसतं बोलायचं होतं. वेळ भरून काढायचा होता. त्यात कुणाचं घर बसलं तर बसलं.

कोर्टाजवळच्या एका ऑफिसात दादानं सही केली. पान उलटायचं, सही. पान उलटायचं, सही. व्हर्टिनाचा अधिकारी दर वेळी "थँक यू" म्हणत होता. मुल्ला मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी खोलीबाहेर निघून गेले. बघवेना मला.

दुपारी आमची केस पुकारली गेली. दोन्ही वकिलांनी उभं राहून तडजोड झाल्याचं सांगितलं. न्यायमूर्तींच्या समोर कागदांचा एक गठ्ठा होता, टाइप केलेला, फितीनं बांधलेला. त्यांनी चष्म्यावरून दादाकडं बघितलं आणि विचारलं, हे तुम्ही समजून-उमजून, स्वखुशीनं केलंय ना? दादा "हो साहेब" म्हणाला. न्यायमूर्तींनी पुन्हा विचारलं, नक्की? दादा पुन्हा "हो" म्हणाला. मग त्यांनी तो गठ्ठा बाजूला सरकवला आणि पुढची केस पुकारायला सांगितली.

त्या गठ्ठ्यात काय लिहिलेलं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. मुल्ला मॅडम जिन्यात म्हणाल्या, "एकच गोष्ट न्यायाधीश दोनदा क्वचितच विचारतात." एवढंच म्हणाल्या आणि पदर सावरत पुढं निघून गेल्या. त्यांनी आमच्याकडून पुढं कधी बाकीची फीसुद्धा मागितली नाही.

बाहेर रस्त्यावर व्हर्टिनाच्या अधिकाऱ्यानं दादाच्या हातात एक मोठा गुच्छ दिला, त्याचा हात हातात घेतला आणि फोटो काढून घेतला. चॅनलचा कॅमेरा तिथंच होता. दादानं पुढं आलेला माइक बाजूला सारून गाडीत पाय ठेवला. आणि तिथून पुढं जे झालं ते हसावं का रडावं असं होतं.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो न बसलो तोच फोन सुरू झाले. पहिला फोन बाबासाहेब खोतांचा. ते यंत्रमागधारकांच्या संघटनेचे अध्यक्ष, गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस.

"सुक्या, लेका, जितलास! टीव्हीवर सांगाय लागलेत. ऐतिहासिक विजय! गावाचं नाव काढलंस बघ!"

फोन मी घेतला. "बाबासाहेबकाका, थांबा. जिंकलो नाही आम्ही. तडजोड झालीय."

"काय? आवाज येईना, पोरी. हितं फटाकड्या लावल्यात पोरांनी!"

चॅनलकडं दोन बाइट तयार होते. तिसरं काही होऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गुच्छ दिसला, हातात हात दिसला, त्यांनी जिंकलेलं लावून टाकलं. बसमध्ये पुढच्या सीटवरचा एक प्रवासी मोबाइलवर तेच बघत होता आणि रानवड्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता, "मगदूम यांच्या जिद्दीला माझा सलाम." सर तेव्हा विमानात होते.

सकाळी बस गावात शिरली तेव्हा स्टँडवर हलगी वाजत होती. शे-दीडशे मागवाले, हार, गुलाल. दादा उतरला तशी त्याला बाबासाहेबांनी उचललाच. त्याच्या कपाळाला गुलाल फासला. मी गर्दीतून वाट काढत ओरडत होते, पण हलगीपुढं माझं कोण ऐकतं? शेवटी दादानंच हात वर केला.

"मी सही केली," तो म्हणाला. "पेटंट दिलं त्यांना. केस मिटली."

हलगी एकदम नाही थांबली. एकेक करून माणसं गप्प झाली आणि मग वाजवणाऱ्याला कुणीतरी खूण केली.

"म्हंजे यंत्र आता कुणाचं?" बाबासाहेबांनी विचारलं.

"कंपनीचं."

"आन् आमच्या मागावर बसीवलेलं?"

"ते बी."

बाबासाहेब नुसते हातावरचा गुलाल धोतराला पुसत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या मागवाल्यांनी दादाच्या शब्दावर यंत्रं बसवली होती, त्यांना पुढं व्हर्टिनानं दरमहा भाडं लावलं. आणि ती दुरुस्त करायला कंपनीचा शर्ट घालून जायचा तो दादाच. काही घरांत त्याला पाणीसुद्धा विचारायचे नाहीत.

मी वर्षभरात कॉलेज सोडलं, पेटंट एजंटची परीक्षा दिली आणि तेच काम धरलं. आजही करते. चॅनलवाले अधूनमधून फोन करतात, एखाद्या गाजलेल्या केसवर दोन मिनिटं बोला म्हणतात. मी म्हणते, कागद पाठवा, वाचायला चार दिवस द्या. ते पुन्हा फोन करत नाहीत. आणि टीव्हीवर त्या रात्री कोणीतरी हात हलवत बोलत असतोच. मला आजही तो आवाज सहन होत नाही. मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

पण मला सांगायचंय ते सही केली त्या आठवड्यातल्या रविवारचं. मी दादाकडं गेले तेव्हा तो जेवत होता. ताटाशेजारी मोबाइल उभा होता. राजमती वहिनी दाराशी उभी राहून डोळ्यांनीच मला 'बघा' म्हणून खुणावत होती.

रानवड्यांचा नवा व्हिडिओ होता. नाव, 'इचलकरंजीच्या मगदूमांनी माती का खाल्ली?'

"हातातोंडाशी आलेला विजय," रानवडे सांगत होते. "निकाल त्यांच्या बाजूनं जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी सुरुवातीपासून म्हणत होतो. पण ऐन वेळी हा माणूस कचरला. आमच्या छोट्या उद्योजकांचं हेच दुर्दैव आहे, मित्रांनो. सही करण्याआधी त्यांनी एखाद्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यायला हवा होता."

मी तो मोबाइल उचलला, भिंतीवर फेकायलाच उचलला होता. दादानं माझं मनगट धरलं.

"बरोबर बोलाय लागलेत सर," तो म्हणाला. "मीच कच खाल्ली."

"दादा, ह्यानंच तुला सही कर म्हणून सांगितलं! माझ्या समोर! तू त्याच्या पाया पडलास आणि ह्यानं तुझ्याकडं न बघता तुझं वाटोळं केलं!"

दादानं माझ्या हातातून मोबाइल हळूच काढून घेतला, पुन्हा ताटाशेजारी नीट उभा केला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"त्यांचा काय दोष, पद्मा?" तो म्हणाला. "त्यांनी क्लेम वाचलेच नव्हते की."